फरहादियाचे दगड

बोस्नियांतील बान्या लूका शहराच्या मध्यभागीं फरहादिया नांवाची मशीद आहे. ती पहावयास जाणाऱ्यानें घुमटाकडे मान वर करण्यापूर्वीं भिंतीचे दगड निरखावे.

फरहाद पाशा सोकोलोविच या उस्मानी सरदारानें ती १५७९ सालीं बांधविली. एका हाब्सबर्ग सेनानीच्या बंदिवान पुत्राच्या सुटकेचें द्रव्य तिला लागलें, असें परंपरा सांगते. (वर्गांतील मुलें नेमक्या अशाच गोष्टी लक्षांत ठेवीत!) १९६९ च्या भूकंपाचा तडाखा तिनें सोसला. परंतु बोस्नियाच्या युद्धांत, ७ मे १९९३ च्या रात्रीं, ती सुरुंगानें उडविण्यांत आली. शहर बोस्नियन सर्बांच्या ताब्यांत होतें, तेथें लढाई चालू नव्हती. तेव्हां हा चुकलेल्या तोफगोळ्याचा प्रताप नव्हे. अवशेष कचऱ्याच्या ढिगांत गेले.

२००१ मध्यें नवा पाया घालण्याच्या समारंभावर जमावानें हल्ला केला. त्यांत जखमी झालेला एक वृद्ध पुढें मरण पावला.

तरीहि काम सोडलें नाहीं. कचऱ्यांतून, पाण्यांतून तुकडे वेंचले, जुन्या छायाचित्रांशीं ताडून पाहिले, आणि ओळख पटली ते भिंतींत परत बसविले. उणें पडलें तेथें नवा दगड घातला.

कोणी हिला नक्कल म्हणेल. मला तें पटत नाहीं. जे दगड नाहींसे करावयाचे होते, तेच आज तेथें आहेत. मशीद पुन्हा उघडली ती २०१६ सालीं, आणि दिवस मुद्दाम ७ मे हाच धरला होता.