लेहची धावपट्टी

विमानविद्येचा इतिहास लिहिणाऱ्यांची दृष्टी बहुधा आकाशाकडे लागलेली असते. वैमानिकांचे धैर्य, यंत्रांचा वेग आणि उंचीचे उच्चांक यांच्या वर्णनांनीच त्यांची पाने भरतात. परंतु ज्या मुलखात रस्ता पोचलेला नाही आणि जेथील खिंडी वर्षातील कित्येक महिने बर्फाने बुजलेल्या असतात, तेथे विमानाचा इतिहास आधी जमिनीवर घडतो व मग आकाशात, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. आणि या म्हणण्याला लडाखइतका सबळ पुरावा आपल्या देशात अन्यत्र मिळणे कठीण.

श्रीनगरहून निघालेला काफिला पूर्वी सुमारे सोळा मजला करून लेहला पोचत असे. जोजी-ला ओलांडली की वृक्षराजी संपे, आणि पुढे उजाड डोंगर, सिंधूचे पात्र व टेकड्यांच्या माथ्यांवरील गोम्पा एवढ्यांचीच सोबत उरे. यारकंदचे व्यापारी, पश्मिन्याचे गठ्ठे, तट्टे, झो आणि याक यांच्या वर्दळीने लेहचा बाजार गजबजलेला असे खरा, पण साडेअकरा हजार फुटांवरची जोजी-ला हिवाळ्यात बंद झाली की या साऱ्या मुलखाचे काश्मीरशी दळणवळण जवळजवळ खुंटून जाई.

अशा या लेहवर 1948 च्या आरंभी आक्रमणाचे सावट आले. डोग्रा रेजिमेंटचे पृथी चंद हे लाहौलचे रहिवासी. बर्फात वाढलेल्या सुमारे चाळीस स्वयंसेवकांची तुकडी घेऊन ते फेब्रुवारीत श्रीनगरहून निघाले आणि ज्या ऋतूत व्यापारीही जोजी-लाच्या वाटेला जात नसत त्या ऋतूत ती पायी ओलांडून मार्चमध्ये लेहला दाखल झाले. त्यांच्याबरोबर सोनम नोर्बू नावाचे लडाखी अभियंता होते. तुकडीने शहराच्या बचावाची तजवीज करावयाची आणि नोर्बूंनी विमान उतरण्याजोगी जागा सिद्ध करावयाची, अशी ही कामाची वाटणी होती. आणि आज मागे वळून पाहता या दोन कामांपैकी दुसरे अधिक दूरगामी ठरले, असेच म्हणावे लागते.

सिंधूच्या काठी, स्पितुकच्या टेकडीपासून वर चढत जाणारे वाळूचे व गोट्यांचे एक विस्तीर्ण पठार आहे. नोर्बूंनी तेच निवडले. ज्या गावात मोटार कधी पोचली नव्हती तेथे रूळ फिरवणारे यंत्र कोठून यावे? गावोगावचे मजूर जमले, धोंडे वेचले गेले, खळगे बुजवले गेले आणि काही आठवड्यांच्या अवधीत धावपट्टी उभी राहिली. हे करणाऱ्या बहुतेकांनी विमान जवळून पाहिलेच नव्हते; त्याचे वजन किती, चाके कशी, ते किती दूर धावून थांबते, हे सारे त्यांना एका अभियंत्याच्या शब्दावर मानावे लागले असणार. तो शब्द त्यांनी मानला, याचे मला अपार कौतुक वाटते.

24 मे 1948 रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी आपले डाकोटा त्या वाळूवर उतरवले. सोबत मेजर जनरल थिमय्या होते. लेहला विमान नेता येईल काय, असे थिमय्यांनी विचारले तेव्हा ‘तुम्ही शेजारी बसत असाल तर नेतो,’ अशा आशयाचे उत्तर मेहर सिंगांनी दिले, असे सांगतात. डाकोटाला दाबनियंत्रित कक्ष नव्हता. वाटेवर दिशा दाखवणारे कोणतेही साधन नव्हते. जोजी-ला आणि त्याहून उंच फोटू-ला यांच्यावरून, दोहों बाजूंच्या शिखरांमधून, डोळ्यांच्या भरवशावर वाट काढावयाची होती. विमान उतरल्यावर लोकांनी त्याच्यापुढे गवत आणून ठेवले, अशीही एक आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, तिला हसण्याचे कारण मला दिसत नाही: दूरच्या वाटेवरून ओझे घेऊन थकून आलेल्या जिवाला आधी चारा घालावा, हा काफिल्याच्या मुलखाचा शिष्टाचारच होता. जूनच्या आरंभी गुरखा जवानांची कुमक त्याच पट्टीवर उतरू लागली, आणि लेह वाचले.

धावपट्टीचे मोल काय, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने त्याच वर्षीच्या स्कर्दूकडे पाहावे. तेथील शिबंदी फेब्रुवारीपासून वेढ्यात होती. विमान उतरण्याची सोय नसल्याने रसद वरून टाकावी लागली, टेंपेस्ट जातीच्या लढाऊ विमानांनी डबे भरून ती टाकलीही. परंतु वरून टाकलेली रसद पुरी पडली नाही आणि ताज्या दमाचे सैनिक तर असे टाकणे शक्यच नव्हते. ऑगस्टच्या मध्यास स्कर्दू पडले.

वरून माल टाकण्याची ही कला पुढे लडाखच्या आणि ईशान्य सीमेच्या चौक्यांचा प्राणच झाली. धान्य, साखर, मीठ यांचे पोते दुसऱ्या सैल पोत्यात घालून शिवत. जमिनीवर आदळून आतले फुटले तरी दाणे बाहेरच्या पोत्यात राहत. नाजूक मालाला तेवढी हवाई छत्री मिळे. डाकोटाचे मागले दार आधीच काढून ठेवलेले असे. उंबऱ्यापाशी पोत्यांची थप्पी, तिच्यामागे पाठीवर आडवा झालेला जवान, आणि वैमानिकाने घंटा देताच दोन्ही पायांनी लोटलेली ती थप्पी. विमान दरीत वळे, पुन्हा येई, पुन्हा घंटा होई. उघड्या दारातून येणाऱ्या गोठवणाऱ्या वाऱ्यात हे काम करणाऱ्यांची नावे कोणत्याही गौरवग्रंथात नाहीत. मात्र खाली चूल पेटली ती त्यांच्या पायांच्या बळावर.

लेहच्या उड्डाणांची रीतही तेथील जमिनीनेच ठरवून दिली. पट्टी साडेदहा हजार फुटांहून उंच; तेथील हवेची घनता समुद्रसपाटीच्या तीन चतुर्थांशांहूनही कमी. साहजिकच पंखांना आधार कमी, इंजिनाला प्राणवायू कमी, आणि उडण्यापूर्वीची धाव लांब. ऊन चढले की डोंगर तापतात, दरीत वारे सुटतात. म्हणून उड्डाणे सकाळी उरकण्याचा प्रघात पडला. स्पितुकच्या बाजूने येऊन चढावर उतरावयाचे आणि जाताना उतारावरून त्याच बाजूने निघावयाचे, हा नियमही तसाच. आपल्या जुहूला 1932 मध्ये जे. आर. डी. टाटा कराचीची टपाल घेऊन उतरले तेव्हा तेथेही मातीचेच मैदान होते, आणि पावसाळ्यात ते पाण्याखाली गेले की सेवा पुण्याला हलवावी लागे. जमिनीचा हुकूम सगळीकडेच चालतो. लडाखमध्ये तो अधिक कठोर आहे इतकेच.

या कठोरतेची परिसीमा काराकोरमच्या पायथ्याशी, दौलत बेग ओल्डीला पाहावयास मिळते. यारकंदच्या जुन्या वाटेवरचा हा मुक्काम; थंडीने व विरळ हवेने मेलेल्या जनावरांच्या हाडांवरूनच काफिले येथील वाट ओळखत. उंची सोळा हजार फुटांहून अधिक. 23 जुलै 1962 रोजी स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी तेथे पॅकेट जातीचे दोन इंजिनांचे मालवाहू विमान उतरवले. अशा विमानांच्या पाठीवर विरळ हवेत जोर मिळावा म्हणून एक जेट इंजिन जादा बसवलेले असे, आणि अशा ठिकाणी माल उतरेपर्यंत इंजिने बंद न करण्याचा दंडक होता, कारण त्या थंडीत ती पुन्हा सुरू होतील याची शाश्वती नसे. पुढे ती पट्टी सोडून द्यावी लागली. 2008 मध्ये एएन-32 विमान तेथे पुन्हा उतरले.

लेहच्या विमानतळाला आज कुशोक बकुला रिंपोछे यांचे नाव आहे, आणि लडाखच्या त्या थोर धर्मपुरुषाचे ते असावे हे उचितच आहे. मेहर सिंगांना महावीर चक्र मिळाले, तेही सर्वथैव योग्य. मात्र उतरणाऱ्या प्रवाशाच्या दृष्टीस पडेल अशा जागी सोनम नोर्बू आणि 1948 च्या वसंतात ते धोंडे वेचणारे मजूर यांचाही उल्लेख असलेली एक शिला बसवावी, अशी माझी मनःपूर्वक मागणी आहे. आणि त्या गावांतील वृद्धांच्या घरी या कामाच्या ज्या आठवणी अजून सांगितल्या जात असतील, त्या कोणीतरी लडाखी भाषेतच लिहून घ्याव्यात.