नैसर्गिक आपत्तींचे विद्यापीठीय विद्यार्थ्यांवरील मानसिक परिणाम

भूकंप, पूर, चक्रीवादळ यांनंतर विद्यार्थ्यांमध्ये आढळणारी भीती, निद्रानाश, दुःस्वप्ने, नैराश्य व आघातोत्तर तणावाची लक्षणे. बहुतेक पाहण्या आपत्ती घडून गेल्यावर सुरू होतात. त्यामुळे लक्षणांमागे आपत्ती किती आणि परीक्षा, एकटेपणा, पैशांची ओढाताण किती, हे त्यांतून उलगडत नाही. आपत्तीपूर्वीची नोंद हाती असलेले अभ्यास मोजके आहेत. पण परिणाम आपत्तीच्या तीव्रतेइतकाच आधीच्या मनःस्थितीवर आणि प्रत्यक्ष हानीवर अवलंबून असतो, हे त्यांतूनच स्पष्ट होते.

१७ ऑक्टोबर १९८९ रोजी कॅलिफोर्नियात लोमा प्रिएटा भूकंप (६.९ परिमाण) झाला, तेव्हा स्टॅनफर्ड विद्यापीठातील १३७ विद्यार्थ्यांची मनःस्थिती सुझन नोलन-होक्सेमा व मॉरो यांनी १४ दिवस आधीच नोंदवलेली होती. भूकंपानंतर १० दिवसांनी व ७ आठवड्यांनी पुन्हा तपासणी झाली. आधीपासून खिन्न असलेल्यांत, तसेच आपले दुःख मनात घोळवत राहण्याची सवय असलेल्यांत, दोन्ही वेळा लक्षणे अधिक आढळली. खिन्न माणूस नंतरही खिन्नच राहणार, त्यात भूकंपाचे काय, असा आक्षेप येथे संभवतो. परंतु आधीच्या नैराश्याचा हिशेब वजा केल्यावरही त्या सवयीचा प्रभाव उरला. शिवाय त्याच भूकंपानंतरच्या दुसऱ्या अभ्यासात सॅन फ्रान्सिस्को परिसरातील विद्यार्थ्यांना दूरच्या ॲरिझोनातील विद्यार्थ्यांपेक्षा सुमारे दुप्पट दुःस्वप्ने पडल्याचे दिसले. म्हणजे भूकंपाचा स्वतःचा वाटाही खरा होता.

स्टॅनफर्डसारख्या संपन्न विद्यापीठात विद्यार्थ्यांचे नुकसान तुलनेने थोडे झाले, म्हणून तेथे स्वभावाचे महत्त्व फुगून दिसते, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. २००५ च्या कतरिना चक्रीवादळाने त्याला दुजोरा दिला. न्यू ऑर्लिन्समधील कम्युनिटी कॉलेजांत शिकणाऱ्या अल्प उत्पन्न गटातील पालकांची, मुख्यतः कृष्णवर्णीय मातांची, पाहणी वादळापूर्वीच झाली होती. वादळानंतरच्या पाहणीत गंभीर मानसिक आजाराची शक्यता असलेल्यांचे प्रमाण दुप्पट झाले, तर जवळपास निम्म्या जणींत आघातोत्तर तणाव विकृतीची चिन्हे दिसली. प्रश्नावलीतील चिन्हे म्हणजे वैद्यकीय निदान नव्हे, हे मान्य केले तरी आधी-नंतरची तुलना त्याने बाद होत नाही. घर व उत्पन्न गेलेल्या विद्यार्थिनीला केवळ खंबीर राहण्याचा सल्ला अपुरा ठरतो. समुपदेशनाची घडी आपत्तीपूर्वीच बसलेली असावी लागते आणि आपत्तीनंतर निवारा, शुल्कसवलत व लांबणीवर टाकलेल्या परीक्षा यांनाही मानसिक उपचाराचाच भाग मानावे लागते.