तीन महिन्यांच्या साखरेची कुळकथा

पाचगणीतला मधुमेही ‘तीन महिन्यांची साखर’ तपासायला दंड पुढे करतो आणि जांभळ्या टोपणाच्या नळीत थोडं रक्त जातं. या तपासणीचं मूळ तेहरानमध्ये आहे. हिमोग्लोबिनमधले दोष शोधताना सॅम्युअल राहबर यांना १९६८च्या सुमारास मधुमेहींच्या रक्तात एक वेगळा पट्टा दिसला. रक्तातली साखर हिमोग्लोबिनला चिकटते ती सुटत नाही, आणि तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते; म्हणून मागचे दोन-तीन महिने कसे गेले ते त्यात उमटतं. न्यूयॉर्कमध्ये केनिग, सेरामी आणि सहकाऱ्यांनी १९७६ साली पाच रुग्णांची साखर ताब्यात आणून साखर चिकटलेल्या हिमोग्लोबिनचं प्रमाणही उतरतं हे दाखवलं. तरीही हा आकडा प्रयोगशाळेपुरताच राहिला असता. त्याला वजन आलं ते डोळ्यांमुळे. अमेरिका-कॅनडातल्या १,४४१ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष १९९३ साली आले: ज्यांचा आकडा सरासरी ९ टक्क्यांऐवजी ७च्या आसपास राहिला त्यांच्यापैकी ज्यांच्या डोळ्याचा पडदा सुरुवातीला निरोगी होता, त्यांच्यात पडद्याच्या विकाराचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. पुढे निदानासाठी ६.५ची रेषा ठरली, तीही पडद्याचा विकार कुठून वाढू लागतो हे पाहूनच. रक्ताच्या या आकड्याला अर्थ दिला डोळ्याने, आणि म्हणूनच तो डोळ्याच्या तपासणीची जागा घेऊ शकत नाही, असं माझं ठाम मत आहे.

यावर सरळ प्रश्न येतो: आकडा ताब्यात असेल आणि नजर तपासायच्या तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता येत असेल, तर घाट उतरून वाई-साताऱ्याला पडदा दाखवायला कशाला जायचं? रक्ताची नळी एकटी पसरणीचा घाट उतरू शकते, डोळ्यासाठी माणसाला दिवस मोडावा लागतो. शेतावर मजुरी करणाऱ्या बाईला तो परवडत नाही, हे खरंच आहे. पण याच बाईच्या बाबतीत आकडा फसवा ठरण्याची शक्यता जास्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. लोहाची कमतरता असेल तर आकडा खोटाच वर दिसू शकतो. रक्तस्राव झाला किंवा पेशी लवकर फुटत असतील तर खोटाच खाली. शिवाय रक्तदाबही पडद्याला पोखरतो, त्याची या नळीत नोंद नाही. फार वाढलेली साखर झपाट्याने उतरवली तर आधीच बिघडलेला पडदा काही काळ आणखी बिघडतो, हे त्या १९९३च्या चाचणीतच दिसलं होतं. आणि पडद्यावरच्या केशवाहिन्यांना आलेले टाचणीच्या टोकाएवढे लाल फुगवटे नजर अजिबात कमी करत नाहीत. ते दिसतात बाहुली मोठी करणारे थेंब घालून पाहिल्यावर, किंवा पडद्याचा फोटो काढल्यावर. फोटो मात्र रक्ताच्या नळीसारखाच एकटा घाट उतरू शकतो. म्हणून असा कॅमेरा गावच्या दवाखान्यात यावा. मोठ्या वयात होणाऱ्या मधुमेहात निदान झाल्याबरोबरच पडदा तपासायला सांगतात, कारण आजार त्याआधी किती वर्षं अंगात होता, हे तीन महिन्यांच्या साखरेतून कळत नाही.