गरज कोणाची, नोंदवली कोणी?

पर्यटनवाल्यांना इंग्रजी शिकवायचं तर आधी त्यांची गरज तपासा, हा विचार जॉन मन्बी यांनी १९७८ च्या पुस्तकात अगदी तपशिलात नेला. त्यांच्या नमुन्यांपैकी एक होता स्पेनमधल्या हॉटेलातला हेड वेटर: तो कोणाशी बोलतो, कुठे, कशासाठी, कोणत्या सुरात. आम्हा सायन्सवाल्यांना हे लॅबचं रजिस्टरच वाटावं! पण माहिती सगळी शिकणाऱ्याबद्दलची, त्याच्याकडून घेतलेली नाही, अशी टीका पुढे झाली. मला ती पटते. १९८७ मध्ये हचिन्सन आणि वॉटर्स यांनी गरजेची फोड केली: कामाला काय लागतं, काय येत नाही, आणि शिकणाऱ्याला स्वतःला काय हवंय. इव्हेंट मॅनेजमेंटच्या मुलाला स्टेजवर बोलायचंय की क्लायंटशी भाव ठरवायचाय? तुमच्या प्रश्नावलीत या तिसऱ्या भागाचे प्रश्न किती, तेवढं मोजा.