मोजलेली साखर

बदलापूर गावात आमच्या आळीत पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेक घरांत कुणी ना कुणी 'साखर सोडलेलं' असतं. म्हणजे चहात साखर घ्यायची बंद केलेली असते. 'सोडली' हे क्रियापद मला फार विचार करायला लावतं. तंबाखू सोडतात, नोकरी सोडतात, तशी साखर. ती एका डब्यात आहे, त्या डब्याचं झाकण लावलं की विषय संपला, असं या शब्दात गृहीत धरलेलं आहे. हे गृहीतक वेडेपणाचं नाही. एके काळी ते बरंचसं खरं होतं. कधीपर्यंत खरं होतं आणि कधीपासून खोटं झालं, हे शोधायचा नाद मला गेल्या वर्षभरात लागला. मी इतिहासाचा विद्यार्थी नाही, कॉम्प्युटर इंजिनिअर आहे. बिघाड नेमक्या कुठल्या बदलानंतर सुरू झाला, हे मागे मागे जात शोधणं हे माझं रोजचं काम. तीच सवय इथे वापरली.

सुरुवात आजीच्या हिशेबाच्या वहीपासून करतो. आजोबा अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. पगार ठरलेला, म्हणून खर्चही ठरलेला. १९८९ च्या वहीत दर महिन्याला एक ओळ हमखास येते: 'रेशन साखर २ किलो १२५'. हा विचित्र आकडा मला आधी लागेना. १२५ ग्रॅम कोण कशाला घेईल? मग कळलं, घरात माणसं पाच. लेव्हीच्या साखरेचं प्रमाण होतं माणशी महिन्याला ४२५ ग्रॅम. पाच गुणिले ४२५, दोन हजार एकशे पंचवीस. त्याच्या खाली रॉकेल, पामतेल, गहू. काही महिन्यांत 'खुली साखर १ किलो' अशी वेगळी ओळ आहे, ती गणपती-दिवाळीला किंवा पाहुणे आले तेव्हाची. एवढ्या दोन ओळींत घरातली जवळपास सगळी साखर येते. राहता राहिला आठवड्याचा खारी-बटरवाला, हलवायाकडची क्वचित आणलेली मिठाई आणि बिस्किटाचा एखादा पुडा.

४२५ ग्रॅम म्हणजे दिवसाला चौदा ग्रॅम, साधारण तीन चमचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली मोठ्या माणसासाठी वरून घातलेल्या साखरेची मर्यादा सांगितली ती ढोबळमानाने दिवसाला पन्नास ग्रॅम, आणि जमलं तर पंचवीस. आजीला ही संघटना माहीत नव्हती. रेशन दुकानदाराचा तराजू माहीत होता.

ही मोजणी आरोग्यासाठी कुणीच सुरू केली नव्हती, हे लक्षात ठेवायला हवं. १९४३ साली मुंबईत रेशनिंग आलं ते युद्धामुळे. डिसेंबर १९४७ मध्ये साखरेवरचं नियंत्रण उठलं. नियंत्रणं उठवा असा आग्रह तेव्हा खुद्द गांधीजी धरत होते. दोन वर्षांत ते परत लावावं लागलं. १९६७ मध्ये अर्धं नियंत्रण आलं: कारखान्याने साठ टक्के साखर सरकारला लेव्ही म्हणून ठरल्या भावात द्यायची, चाळीस टक्के बाजारात विकायची. आजीच्या वहीतली 'रेशन' आणि 'खुली' ही विभागणी तिथून आली. पुढे लेव्हीचा वाटा घटत गेला, २००१ नंतर रेशनची साखर फक्त दारिद्र्यरेषेखालच्या कार्डांवर उरली, आणि २०१३ मध्ये लेव्हीच रद्द झाली. टंचाई संपली ते चांगलंच झालं. रांगेत उभं राहण्याचे गोडवे मला गायचे नाहीत. मात्र टंचाईबरोबर मोजणीही गेली.

साखर काय खावी यावर आपल्याकडे खरा विचार झाला तो याच्याही आधी, वर्ध्याला. डिसेंबर १९३४ मध्ये गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ काढला. त्याचं ठाणं वर्ध्याच्या मगनवाडीत, जमनालाल बजाजांनी दिलेल्या जागेत. कामाची धुरा जे. सी. कुमारप्पांकडे. हे गृहस्थ लंडनला शिकलेले हिशेबतपासनीस, मुंबईत व्यवसाय केलेले. त्यामुळे मगनवाडीतला अन्नविचार निव्वळ साधेपणाचा उपदेश नव्हता, त्यात जमाखर्च होता. हातसडीचा तांदूळ, घाणीचं तेल, जात्यावरचं पीठ आणि गूळ या चार गोष्टींचा प्रचार तिथून झाला. युक्तिवाद सरळ होता. गिरणीत भात सडलं की कोंड्याबरोबर जीवनसत्त्व जातं आणि सडणाऱ्या बाईची मजुरीही जाते. पॉलिश केलेल्या तांदळाचा आणि बेरीबेरीचा संबंध जावामध्ये काम करताना आइकमनच्या ध्यानात आला होता, आणि १९२९ साली त्याला नोबेल मिळालं होतं. म्हणजे मगनवाडीचं म्हणणं त्या काळच्या ताज्या विज्ञानाला धरून होतं. उल्हास नदीच्या काठच्या आमच्या भातशेतीच्या पट्ट्यातही घराघरांतल्या उखळ-मुसळाची जागा गिरणीने घेतलीच. आता तोच कोंड्यासकटचा तांदूळ 'ब्राउन राइस' म्हणून दुप्पट भावाने स्टेशनजवळच्या मॉलमध्ये मिळतो.

गुळाबाबत मात्र मगनवाडीचं पारडं मला तितकं जड वाटत नाही. गुळात थोडं लोह आणि खनिजं राहतात हे खरं, पण बाकी बहुतांश ती साखरच. मधुमेह्याच्या रक्ताला ढेप आणि दाणा यांतला फरक फारसा कळत नाही. 'गुळाचा चहा' अशी पाटी लावून जे हल्ली नाक्यानाक्यावर चाललं आहे, त्याचा आरोग्याशी संबंध पाटीपुरताच.

वर्ध्याला गुळाचा प्रचार सुरू होता तेव्हाच देशात उलटी लाट आली होती. त्याआधी आपण जावाची साखर आयात करायचो. १९३२ मध्ये साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला, आयातीवर जबर कर बसला, आणि तीस-बत्तीस कारखान्यांचे चार-पाच वर्षांत सव्वाशेच्या वर गेले. नगर जिल्ह्यात हरेगावला बेलापूर कंपनीचा कारखाना आधीपासून होता. जमिनी शेतकऱ्यांच्या, खंडाने घेतलेल्या, नफा कंपनीचा.

त्याच जिल्ह्यात लोणीला विठ्ठलराव विखे पाटील काय बघत होते? गूळ करणारा शेतकरी बुडताना. गुऱ्हाळाचं गणित वर्ध्यातून दिसतं तितकं गोड नव्हतं. काहिलीत रस आटवायचा, भेंडीच्या चिकाने मळी काढायची, गुळव्याचा हात बरोबर बसला तर ढेप सोनेरी, नाहीतर काळपट. आणि पावसाळा आला की गुळाला पाणी सुटतं. म्हणजे साठवता येत नाही, म्हणजे व्यापारी म्हणेल त्या भावाला द्यायचा, आणि त्याच व्यापाऱ्याचं कर्ज डोक्यावर. तिसाव्या दशकातल्या मंदीत भाव कोसळले तेव्हा या शेतकऱ्याला कुणी गुळाचे गुण सांगितले असते तर त्याने काय उत्तर दिलं असतं याची कल्पना करवत नाही. दाणेदार साखर पोत्यात वर्षभर राहते. भावासाठी थांबायची ताकद त्यात आहे. प्रवरेच्या सहकारी कारखान्यात १९५० च्या अखेरीस ऊस गाळला जाऊ लागला. अध्यक्ष होते अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ, उपाध्यक्ष विखे पाटील. पुढे त्या पैशातून शाळा, कॉलेजं, दवाखाने उभे राहिले. माझ्या कॉलेजातले निम्मे मित्र अशा साखरपट्ट्यातून आलेले. साखरेला सरसकट 'पांढरं विष' म्हणणाऱ्यांना मी हे ऐकवतो.

यात एक माणूस मला सगळ्यांत जास्त चकवतो: वैकुंठभाई मेहता. सहकाराचे जुने कार्यकर्ते, स्वातंत्र्याच्या वेळी मुंबई राज्याचे अर्थमंत्री. प्रवरेचा कारखाना उभा राहावा म्हणून त्यांनी बळ दिलं. तेच वैकुंठभाई १९५७ मध्ये खादी आणि ग्रामोद्योग आयोगाचे पहिले अध्यक्ष झाले, म्हणजे मगनवाडीच्या कामाचे सरकारी वारसदार. एका हाताने साखर कारखाना, दुसऱ्या हाताने गूळ. मला यात दुटप्पीपणा दिसत नाही. दोन्हींकडे प्रश्न एकच होता, पैसा गावात राहतो की जातो. खाणाऱ्याच्या शरीराचं काय होतं, हा प्रश्न वर्ध्याच्या कागदावर होता. लोणीच्या कागदावर असण्याचं कारणच नव्हतं. १९५० च्या महाराष्ट्रात लोकांना साखर जास्त होत नव्हती, कमी पडत होती.

मगनवाडीच्या विचाराचा एक धागा आपल्या ठाणे जिल्ह्यात आला, ही गोष्ट मला उशिरा कळली. उसाऐवजी ताड आणि शिंदीच्या रसाचा गूळ करा, असं गांधीजींचं म्हणणं होतं. ही झाडं पडीक जमिनीवर, पाणी न मागता वाढतात आणि धान्याची जमीन अडत नाही. आज राज्यात चार टक्क्यांच्या आसपास जमिनीवरचा ऊस सिंचनाच्या पाण्याचा केवढा मोठा वाटा पितो ते पाहता, हा त्यांचा सगळ्यांत दूरदृष्टीचा मुद्दा होता. खादी आयोगाची ताडगुळाची संस्था डहाणूला आहे, २०१४ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होतं ते. पण ताडगुळाला लागते नीरा, आणि नीरा उन्हं वर येईपर्यंत राहिली तर आंबून ताडी होते. मडक्याला आतून चुना लावायचा, पहाटे उतरवायची, थंड ठेवायची. दारूबंदीच्या कायद्यामुळे त्यावर परवान्याची कटकट बसली. गंमत बघा: झाडावरून निघणाऱ्या गोड रसावर अबकारी खात्याची नजर, आणि साखर कारखान्यातून निघणाऱ्या मळीपासून मद्यार्काचा अख्खा उद्योग. नीरा उरली उपनगरी स्टेशनांवरच्या स्टॉलपुरती. ताडगूळ वाण्याच्या फळीपर्यंत पोचलाच नाही.

आता पुड्यांकडे येऊ. कारखान्यातली साखर डब्यात न जाता दुसऱ्या वाटेनेही जात होती. विलेपार्ल्याची पार्ले कंपनी १९२९ ची, आधी गोळ्या करणारी; १९३९ पासून बिस्किटं. त्या बिस्किटाच्या नावात 'ग्लुको' होतं. ग्लुकोज म्हणजे शक्ती, हे समीकरण तेव्हापासून घराघरांत बसलं. नाशिक जिल्ह्यात वालचंद हिराचंद यांच्या रावळगावच्या साखर कारखान्याने १९४२ पासून गोळ्या-चॉकलेटं काढली. पण नियंत्रण असेपर्यंत हे प्रमाणात राहिलं. १९९१ नंतर बाजार उघडला, १९९८ मध्ये साखर कारखान्यांवरची परवाना पद्धत गेली, साखर मुबलक आणि स्वस्त झाली. खाद्यपदार्थ बनवणाऱ्याच्या दृष्टीने साखर हा फार कामाचा माल आहे. चव देते, वजन भरते, रंग आणते, टिकवते. सॉसमध्ये, पावात, दह्यात, नाश्त्याच्या कुरकुरीत पोह्यांत ती गोडीसाठी नसतेच पुष्कळदा.

गेल्या जूनमध्ये मी आजीच्या वहीसारखीच नोंद ठेवली, एक्सेलमध्ये. आता घरात माणसं चार. डब्यातली साखर महिन्याला एक किलो, म्हणजे १९८९ च्या निम्म्याहून कमी. आई हे अभिमानाने सांगते. मग महिन्याभरातल्या प्रत्येक पुड्यावरचा आकडा वजनाने गुणून मांडला. बिस्किटं, टोस्ट, सॉस, जॅम, दुधात घालायची पावडर, ज्यूस, थंड पेयं. सव्वातीन किलो. बाबांना २०१६ पासून मधुमेह आहे. चहा कोरा, बिनसाखरेचा, आणि त्याबरोबर चार मारी. मारी 'साधी' असते असं त्यांना कोणीतरी सांगितलेलं. शंभर ग्रॅमला वीस-बावीस ग्रॅम साखर. मी आकडा दाखवला तेव्हा ते म्हणाले, "अरे, पण ती गोड कुठे लागते?" आजी पलंगावरून म्हणाली, "मग पैसे कशाचे देतोस?"

लेबलं वाचायला शिकणं हे वेगळंच प्रकरण. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचा नियम आहे. म्हणून साखर, इन्व्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज अशी तिची तीन नावं केली की प्रत्येकाचा नंबर खाली जातो आणि मैदा निर्धास्त वर राहतो. वरून घातलेली साखर वेगळी दाखवा असं बंधन २०२० च्या लेबलिंग नियमांत आलं. सप्टेंबर २०२२ मध्ये पुड्याच्या दर्शनी भागावर तारे छापायचा मसुदा निघाला, त्यावर वाद अजून चालू आहे. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ई-कॉमर्स कंपन्यांना दुधात घालायच्या पावडरी 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढायला सांगितलं, कारण अन्नसुरक्षा कायद्यात अशा पेयाची व्याख्याच नाही. मे २०२५ मध्ये सीबीएसईने शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितलं, कुठल्या खाण्यात किती साखर ते मुलांना दिसावं म्हणून.

हे सगळं छापील पुड्यांपुरतं. आमच्या आळीत रविवारी सकाळी सायकलवर पत्र्याची पेटी घेऊन येणारा खारी-टोस्टवाला अजून येतो, पेटीवर लेबल नाही. माझ्या एक्सेलमध्ये त्याच्या मालापुढचा रकाना मी अंदाजाने भरला आहे. आजीच्या वहीत त्याची नोंद आहे ती 'टोस्ट, ३ रुपये' एवढीच. पुढच्या रविवारी बाबा त्याला विचारणार आहेत, शंभर टोस्टांना साखर किती पडते. तो सांगेल बहुतेक. बेकरी उल्हासनगरची आहे, त्याच्या भावाची.