टोपी, धंदा आणि वस्ती

मनुष्य दृष्टीस पडताच त्याच्याविषयी तर्क बांधण्याची खोड सर्वांसच असते. शिंप्याच्या दुकानात जन्म काढणाऱ्यास ती जरा अधिकच जडते. गिऱ्हाईक पायरी चढून वर येते न येते तोच त्याच्या छातीखांद्याचा अंदाज आम्ही डोळ्यांनी घेतलेला असतो. तो अंदाज पुढे टेपेने पडताळता येतो आणि चुकलाच तर कपडा उसवून पुन्हा शिवता येतो. परंतु त्याच नजरेने आम्ही गिऱ्हाइकाच्या राजकीय मताचाही अंदाज करू लागतो. टोपी अमुक, तेव्हा पक्ष अमुक. आडनाव अमुक, तेव्हा मत अमुक. राहणे अमुक पेठेत, तेव्हा दुसरे काय असणार! हा अंदाज पडताळण्यास टेप नाही, आणि तो चुकला म्हणजे जे नुकसान होते ते उसवून पुन्हा शिवता येत नाही. गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत महाराष्ट्रात असे अंदाज कोणी केले, ते कितपत खरे ठरले आणि त्यांची किंमत कोणास द्यावी लागली, याचे अल्पसे दिग्दर्शन ज्ञातिबांधवांपुढे करावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रारंभ पगडीपासून करू. लो. टिळक व ना. गोखले हे दोघेही मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील, दोघेही चित्पावन, दोघांचेही कार्यक्षेत्र पुणे, आणि दोघांच्याही मस्तकी पुणेरी पगडी. 1884 साली स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत दोघांनीही अध्यापनाचे कार्य केले. परक्या मनुष्याने या दोघांस रस्त्यात पाहिले असते, तर एकाच मताचे दोन गृहस्थ म्हणून त्यांची गणना केली असती. परंतु 1895 साली सार्वजनिक सभा टिळकपक्षाच्या हाती गेली आणि 1896 साली न्या. रानडे व गोखले यांच्या पक्षाने डेक्कन सभा निराळी काढली. पुढे 1907 साली सुरतेस काँग्रेस दुभंगली, तेव्हा जहाल पक्षाचे अध्वर्यू टिळक होते आणि मवाळांच्या बाजूस गोखले. एवढ्या मोठ्या मतभेदाचा मागमूसही पगडीच्या घडीत सापडला नसता.

सरकारास मात्र हा विवेक सुचला नाही. 22 जून 1897 रोजी पुण्यात प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडण्यात आली. खरा मारेकरी सापडण्यापूर्वीच संशयाची छाया सबंध शहरावर व विशेषतः एका जातीवर पडली. सरदार नातू बंधूंना 1827 च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली, कोणताही खटला न चालविता, अटकेत ठेवण्यात आले. पुण्यावर जादा शिक्षा-पोलीस बसविण्यात आले व त्यांच्या खर्चाचा बोजा रहिवाशांवर टाकण्यात आला. म्हणजे अपराध कोणाचा हे ठरण्यापूर्वीच वस्तीस दंड झाला. वास्तविक दामोदर चाफेकर पुण्याचे, आणि त्यांची बातमी सरकारास देणारे द्रविड बंधूही पुण्याचेच. कट करणारा व कट फोडणारा एकाच गावच्या गल्ल्यांतून हिंडत होते. तरीही 1918 च्या रौलट समितीने आपल्या अहवालात मुंबई इलाख्यातील कटांचे स्वरूप निव्वळ ब्राह्मणी व बहुतांशी चित्पावनी असल्याचा निष्कर्ष नोंदविला. कट करणारे बहुतेक एका जातीचे होते, हे एक वेळ खरे मानले तरी त्यावरून त्या जातीचे लोक कट करणारे असतात, असे मुळीच सिद्ध होत नाही. हा उलटा तर्क हेच या सर्व अनर्थाचे मूळ होय, आणि वाचकांनी तो ध्यानात ठेवावा अशी आमची विनंती आहे.

पगडी मागे पडली आणि गांधी टोपीचे युग आले. असहकाराच्या चळवळीत खादीची पांढरी टोपी ही स्वराज्याची खूण बनली. स्वतः महात्माजींनी सप्टेंबर 1921 मध्ये मदुरा येथे पंचा स्वीकारून टोपीचा त्याग केला. परंतु टोपी त्यांच्यावाचूनही चालत राहिली. आमच्या ज्ञातीच्या कित्येक घरांत त्या काळी दिवसरात्र खादीच्या टोप्या बेतल्या व शिवल्या गेल्या, हे आमच्या वडीलधाऱ्यांकडून आम्ही ऐकलेले आहे. शिवणारा शिंपी काँग्रेसचाच असे असे नाही. त्यास पोटही होते. टोपी घेणाराही प्रत्येक वेळी सत्याग्रहीच असे असे नाही. कोणी शेजाऱ्याने घातली म्हणून घाली, कोणी स्वस्त व धुवावयास सोपी म्हणून.

परंतु 1930 च्या मे महिन्यात सोलापुरास मार्शल लॉ पुकारला गेला, तेव्हा असला बारकावा पाहावयास कोणासही सवड नव्हती. डोक्यावरची पांढरी टोपी हाच पुरावा ठरला आणि लष्कराच्या अमलात लोकांना ती सक्तीने उतरवावी लागली. त्या प्रकरणात मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा व जगन्नाथ शिंदे यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यास फाशी देण्यात आले. ही चार नावे एका ओळीत वाचावीत. ती एका धर्माची नाहीत, एका भाषेची नाहीत. आडनावावरून मत ओळखू म्हणणाऱ्यास या ओळीतून काय ओळखता येणार?

पुढे या टोपीचे भाग्य आणखी पालटले. स्वराज्यानंतर ती सत्ताधाऱ्यांची खूण झाली आणि 2011 साली अण्णा हजारे यांच्या आंदोलनात सत्तेस जाब विचारणाऱ्यांनी तीच घातली. दरम्यान खेड्यातील शेतकरी, पंढरीचा वारकरी व मुंबईचा डबेवाला ती घालीतच राहिले. त्यांस कोणत्याही पक्षाने ती दिलेली नव्हती. काळ्या टोपीचेही तसेच. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या गणवेषात ती 1930 पासून आली, परंतु ज्यांचा संघाशी कसलाही संबंध नव्हता असे अनेक शिक्षक, कारकून व व्यापारी काळी टोपीच घालीत असत.

येथवर सरकारच्या अंदाजांविषयी सांगितले. आता लोकांनी केलेल्या अंदाजाविषयी सांगितले पाहिजे, आणि ते सांगताना लेखणी जड होते. 30 जानेवारी 1948 रोजी महात्माजींचा वध झाला. मारेकरी नथुराम गोडसे हा महाराष्ट्रीय ब्राह्मण आहे हे कळताच पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर आदी भागांत ब्राह्मणांच्या घरांवर जमाव चालून गेले. घरे जळली, दुकाने लुटली गेली, पिढ्यान्‌पिढ्या गावात राहिलेली कुटुंबे नेसत्या वस्त्रानिशी शहराकडे निघाली. कोल्हापुरास भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ आगीत गेला. जमावाने घरधन्यास त्याचे मत विचारले नाही, आडनाव पाहिले. सेनापती बापटांसारखे देशभक्त, विनोबांसारखे गांधीजींचे निष्ठावंत अनुयायी आणि गांधीवधाचे प्रायश्चित्त म्हणून 21 दिवसांचे उपोषण करणारे साने गुरुजी यांचा जन्मही ब्राह्मण कुळांतच झाला होता, हे त्या क्षणी कोणासही आठवले नाही.

येथे एक गोष्ट आमच्या ज्ञातीने विशेष मनन करण्यासारखी आहे. गोडसे याने काही काळ शिवणकामाचा धंदा केला होता, हे प्रसिद्ध आहे. धंद्यावरून मत ओळखण्याची रीत खरी मानली, तर त्या दिवशी जमावाने शिंप्यांचीही दुकाने शोधीत फिरावयास हवे होते! तसे झाले नाही. याचे कारण असे की, तर्क करणारा मनुष्य सर्व लक्षणे तपासून पाहत नाही. मनात पूर्वीच जो राग साठलेला असतो, त्यास सोयीचे असे एकच लक्षण तो उचलतो. त्या दिवशी आम्ही वाचलो ते निरपराध होतो म्हणून नव्हे. ज्यांची घरे जळली तेही निरपराधच होते. आम्ही वाचलो ते केवळ लक्षण दुसरे निवडले गेले म्हणून. त्या जमावांत आमच्या ज्ञातीचे कोणीच नव्हते, असे म्हणण्याचे धाडसही आम्ही करीत नाही.

आता वस्तीचा विचार करू. मुंबईचे गिरणगाव म्हणजे लालबाग, परळ व आसपासचा भाग. 1928 साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्यांचा प्रचंड संप झाला, त्यातून गिरणी कामगार युनियनचा लाल बावटा उभा राहिला, आणि परळचा मनुष्य म्हणजे कम्युनिस्ट हे समीकरण रूढ झाले. परंतु त्याच वस्तीत अस्पृश्य कामगारही होते. त्यांना कापड विणण्याच्या खात्यात प्रवेश नव्हता, आणि संपाच्या मागण्यांत या अन्यायाची दाद लागत नाही म्हणून डॉ. आंबेडकरांचा त्या संपाच्या पुढाऱ्यांशी तीव्र मतभेद झाला. तेच डॉ. आंबेडकर 7 नोव्हेंबर 1938 रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या एक दिवसाच्या संपात कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. वस्ती तीच, धंदा तोच, माणसेही तीच. परंतु प्रश्न बदलला तसे मत बदलले.

पुढचा इतिहास याहून बोलका आहे. 1957 साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत कॉ. डांगे मध्य मुंबईतून लोकसभेवर गेले. 5 जून 1970 रोजी कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला आणि त्याच वर्षी झालेल्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नीचा पराभव करून शिवसेनेचे वामनराव महाडिक निवडून आले. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत हे 1984 साली अपक्ष म्हणून येथूनच लोकसभेवर गेले. एकाच चाळीने तीस वर्षांच्या आत लाल, भगवा व अपक्ष अशा तिघांसही मते दिली. चाळ पाहून मत सांगणाऱ्याने कोणत्या वर्षीचे मत सांगावयाचे?

यावर कोणी म्हणेल की, या सर्व जुन्या गोष्टी झाल्या. आता मतदान गुप्त आहे, मग अंदाज कोणी कितीही केला तरी बिघडते काय? आमचे उत्तर असे की, एकट्या मनुष्याचे मत गुप्त आहे. वस्तीचे मत तितकेसे गुप्त राहिलेले नाही. कागदी मतपत्रिकांच्या काळात निरनिराळ्या केंद्रांच्या पत्रिका एकत्र मिसळून मग मोजण्याची सोय होती. 2004 पासून लोकसभेचे सर्वत्र मतदान यंत्रांवर होऊ लागले, आणि यंत्रातील मोजणीमुळे प्रत्येक केंद्राचा आकडा निराळा दिसतो. अमुक गल्लीने कोणास किती मते दिली, हे उमेदवारास कळते. मग नळ, रस्ता व दिवा यांचे वाटप त्या आकड्यांकडे पाहून होण्याचा धोका उत्पन्न होतो, आणि ज्याने मत दिले होते त्यासही न देणाऱ्यांच्या शेजारी राहतो म्हणून कोरडे राहावे लागते. अनेक केंद्रांची मते एकत्र मोजणारे यंत्र आणावे, अशी शिफारस विधी आयोगाने 2015 साली केली होती. परंतु ती अमलात आली नाही. 1897 साली पुण्यावर पोलिसांचा खर्च बसविताना जो न्याय लावला गेला, त्याची ही सौम्य आवृत्ती होय, असे आम्हांस वाटते.

शेवटी घरची गोष्ट. निवडणूक जवळ आली म्हणजे निरनिराळ्या पक्षांची मंडळी ज्ञातिसंस्थांच्या दारी येतात आणि, 'तुमचा समाज यंदा कोणाकडे?' असे विचारतात. प्रश्न गोड वाटतो, कारण त्यात आपली गणना झाल्याचा आनंद असतो. परंतु जी संस्था आज आपल्या सर्व माणसांचे मत एकगठ्ठा सांगते, तिने उद्या आपल्या सर्व माणसांवर एकगठ्ठा राग ओढवून घेण्याची तयारी ठेवली पाहिजे. पुढाऱ्याचा हिशेब आणि जमावाचा हिशेब हे एकाच वहीत मांडलेले असतात. यास्तव विद्यार्थ्यांस शिष्यवृत्ती द्यावी, वधूवरांची नोंद ठेवावी, वृद्धांची विचारपूस करावी, ही ज्ञातिसंस्थेची कामे होत. ज्ञातीचे मत सांगणे हे तिचे काम नव्हे. ते ज्याचे त्याने द्यावे.

आमचे पूर्वज संतश्रेष्ठ नामदेव महाराज यांच्या मेळ्यात कुंभार होता, माळी होता, सोनार होता आणि चोखोबाही होता. धंद्यावरून व वस्तीवरून मनुष्याचे अंतःकरण ठरविले असते, तर तो मेळा जमलाच नसता. आम्ही सर्वांच्या टोप्या शिवल्या आहेत. टोपीच्या आत काय आहे ते टोपीवरून कळत नाही, हे इतरांस ठाऊक नसले तरी शिंप्यास ठाऊक असलेच पाहिजे. हा विचार आपल्या घरोघरी बोलला जावो व तरुण पिढीच्या मनात रुजो, एवढीच पंढरीनाथाच्या चरणी प्रार्थना.