आमच्या चुलींचा इतिहास

धर्मग्रामाचा इतिहास लिहावयाचा म्हणजे आपण प्रथम देवळाचीं दप्तरें उघडतों. त्यांत बाप्तिस्मे, लग्नें व मृत्यु यांच्या नोंदी सांपडतात. परंतु कोणत्या घरीं काय शिजत होतें, आणि तें शिजविण्याची रीत कोणत्या शेजारणीकडून उचललेली होती, हें दप्तर सांगत नाहीं. ती उणीव या ज्युबिलीच्या पुस्तिकेंत थोडीशी भरून काढावी असा आमचा यत्न आहे. "अहो बाई, यांत थोडें दाण्याचें कूट घालून पाहा," असें एका गृहिणीनें दुसरीस सांगणें ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण नाशिकसारख्या क्षेत्रांत ती फार दिवस क्षुल्लक नव्हती.

येथें चूल म्हणजे सोवळ्याची शेवटची वेस. लक्ष्मीबाई टिळक नाशिकजवळच्या जलालपूरच्या. त्यांचा जन्म १८६८ चा. 'स्मृतिचित्रें' या त्यांच्या आत्मवृत्ताचा पहिला भाग १९३४ सालीं निघाला. त्यांतील वडिलांच्या सोवळ्याचें वर्णन वाचतांना हंसूं येतें आणि पाठोपाठ जीवहि कासावीस होतो. पति नारायण वामन टिळक १८९५ सालीं ख्रिस्ती झाले, बाई १९०० सालीं. मधल्या वर्षांत कोणाच्या हातचें खावें-प्यावें या प्रश्नानें बाईंस किती छळिलें, हें त्यांनींच लिहून ठेविलें आहे. टिळक कुटुंब प्रॉटेस्टंट. पण हा प्रश्न पंथ पाहून येत नसे. २ मार्च १९३० रोजीं डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. ज्या गांवीं देवाचें दार उघडत नव्हतें, तेथें स्वयंपाकघराचें कोण उघडणार? बाप्तिस्म्यानें आमच्या लोकांची जात धुऊन निघाली असेंहि आम्हांस म्हणवत नाहीं. गोव्याच्या ख्रिस्ती समाजांत ती टिकून राहिलीच.

गोव्यांत तर सत्तेनेंच पातेल्यांत डोकावून पाहिलें. १५६० सालीं स्थापन झालेल्या इन्क्विझिशनच्या १७३६ च्या फर्मानांत, ख्रिस्ती घरांत हिंदूंप्रमाणें अळणी भात शिजवूं नये अशी मनाई होती. याचें समर्थन आम्ही करणार नाहीं. गंमत अशी कीं, पोर्तुगीजांच्याच गलबतांतून आलेल्या मिरचीस व बटाट्यास कोणीं कूळ विचारलें नाहीं. बटाटा हा शब्दहि त्यांचाच, आणि पाव हाहि.

नाशिककडे आमचीं कुटुंबें आलीं तीं बहुधा पोटामागें. १८६५ सालीं थळ घाट ओलांडून आगगाडी धांवूं लागली. देवळालीस लष्करी छावणी होती. नाशिक रोडला १९२५ सालीं सिक्युरिटी प्रेस व १९२८ सालीं नोटांचा छापखाना निघाला. गोंयकार, वसईकर व मंगळूरकर एका देवळांत गुडघे टेकूं लागले. त्यांत तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांतील मराठी ख्रिस्ती मंडळीहि मिळाली. याच मंडळीच्या मुलखांत, केंदळ येथें, फादर हेन्री डोरिंग यांनीं १९०३ सालीं 'निरोप्या' मासिक सुरू केलें होतें.

मिस्सा एक, पण कालवणें चार प्रकारचीं! ओल्या नारळाच्या वाटणावर वाढलेल्या गोंयकार बाईस येथें नारळ महाग पडूं लागला. तेव्हां नगरकडच्या शेजारणीनें तिला कांदा व सुकें खोबरें निखाऱ्यावर भाजून पाट्यावर वाटावयास शिकविलें. वाटण काळसर दिसे, पण रस्सा दाट होई. तिनें परतफेड केली ती व्हिनेगरची: आंबटांत मुरलेलें मांस लवकर नासत नाहीं, आणि सोरपोतेल तर तिसऱ्या दिवशीं अधिकच रुचकर लागतें. वसईकर बाईनें उन्हाळ्यांत वर्षाचा मसाला कुटून बाटल्यांत दाबून भरण्याची रीत आणिली. किनाऱ्यावरच्या मुलींची भाकरी मात्र पहिल्या खेपेस हमखास मोडे. बाजरींत गव्हाचा चिकटपणा नाहीं. कढत पाण्यानें पीठ भिजविलें म्हणजे त्यांतील सत्त्व फुगून तें बांधलें जातें, हें त्यांस कोणी तरी सांगावें लागे. सान्नां फुगविण्यास ताडी हवी. नाशिकास माड नाहींत, आणि १९४९ च्या दारूबंदीच्या कायद्यानंतर ताडीची आशाच खुंटली. यीस्ट घालून काम भागलें. परंतु तो वास आला नाहीं, अशी जुन्या बायकांची तक्रार असे, आणि ती आम्हांस रास्त वाटते.

प्रायश्चित्तकाळाच्या शुक्रवारीं पिठलें, मटकीची उसळ वा सुके बोंबील. १९६६ सालीं पोप सहावे पॉल यांनीं उपवासाचे नियम सैल केले, तरी पुष्कळ घरीं शुक्रवारचें पिठलें सुटलें नाहीं.

छापील आधार नव्हताच असें नाहीं. लक्ष्मीबाई धुरंधर यांचें 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' १९१० सालीं निघालें होतें. पण आमच्या घरांतील विद्या बहुतेक हाताचीच. "मीठ अंदाजानें", "पाणी बोटाच्या पेरापर्यंत" हींच तिचीं मापें. म्हणून सांगणारी गेली कीं तिच्याबरोबर तीहि जाते. ज्यांच्या घरीं अशा बायका आज आहेत, त्यांनीं एक वही व एक दुपार काढावी.

शेजारचें ताट रिकामें परत करूं नये हा रिवाज मात्र अजून चालू आहे. दिवाळींत आलेलें ताट नाताळांत भरून जातें. करंजी दोन्ही खेपांस असतेच. गोंयकार तिला नेवरी म्हणतात.